मध जाणणारा

ल्युब्ल्याना, ४ मार्च १९८४

गाश्पर,

हे पत्र कामाचं आहे. चुलीत टाकण्याआधी एवढं लक्षात घे, की मी माफी मागायला लिहीत नाहीये. तसं असतं तर बारा वर्षं आणि चार महिने थांबले नसते.

कोशाचं काम आता 'म' या अक्षरापर्यंत आलंय. गेल्या सोमवारी आमच्या प्रमुखांनी, डॉक्टर कोबाल यांनी, शब्द वाटून दिले आणि माझ्या पुढ्यात 'मेद' ठेवला. मध. "तुम्ही मधपाळाच्या घरातल्या, तुम्हाला एका दुपारचं काम," म्हणाले. शब्द कुठून आला, त्याचे नातलग कुठे कुठे आहेत, आपल्या खेड्यांत तो कसा बोलतात, एवढं वीस ओळींत लिहून जूनअखेर द्यायचंय.

नातलगांची अडचण नाही. संस्कृतातला मधु हा त्याचा सख्खा भाऊ. लिथुआनियातले लोक मेदुस म्हणतात. ग्रीकांनी त्याच शब्दाची वाइन केली. आपण मध आणि मधाची दारू दोन्हीला एकच शब्द ठेवला. पूर्वज कशात जास्त रमले असतील ते तू ओळख. अडचण खेड्याची आहे. बाबांच्या तोंडचे शब्द आता फक्त तुझ्या तोंडात असतील. एका कागदावर लिहून पाठव: पोळ्याचं मेणाचं झाकण खरवडल्यावर पहिला गळतो त्या मधाला काय म्हणता, थंडीनं दाणे धरले की काय म्हणता, फरच्या झाडांवरून येणाऱ्या काळ्या मधाला काय. आणि चमचाभर 'मेदू' म्हणता, की हल्लीच्या पोरांसारखं 'मेदा'?

मी बरी आहे. बसवत नाही एवढंच. आज सकाळपासून अकरा वेळा खुर्चीतून उठले, नदीपर्यंत जाऊन परत आले, आणि कागदावर 'मेद, पुल्लिंगी' याच्यापुढे काही नाही.

नेझा

ल्युब्ल्याना, २५ मार्च

गाश्पर,

तीन आठवडे झाले. टपालखात्याला दोष देता येत नाही, आपल्या रिब्नीत्साकडची पत्रं दोन दिवसांत येतात.

नोंद अस्वलापाशी अडली आहे. मधाबद्दल लिहायचं तर त्याला टाळता येत नाही, कारण आपल्या सगळ्या स्लाव्ह भाषांत त्याच्या नावातच मध आहे: मेदवेद. त्याचं खरं नाव आपले पूर्वज विसरले. विसरले म्हणजे मुद्दाम. नाव घेतलं की तो येतो अशी भीती, म्हणून टोपणनावानं बोलायला लागले, आणि शेवटी टोपणनावच उरलं. संस्कृतात ऋक्ष राहिला, ग्रीकांकडे आर्क्तोस राहिला, आपल्याकडे पुसला गेला.

आता टोपणनावाचा अर्थ काय, ते शब्द कुठे तोडायचा त्यावर आहे. मेदव्-एद असं तोडलं तर मध खाणारा. जुन्या संस्कृतात अगदी याच घडणीचा मध्वद आहे. मेद-वेद असं तोडलं तर मध जाणणारा, कारण 'वेद' म्हणजे जाणणं. पहिलं बरोबर आणि दुसरं चूक. तो 'व' जाणण्यातला नाहीच. मधुच्या शेवटी जो 'उ' आहे त्याचाच तो 'व' झालाय. हे मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. पंचविसाव्या वर्षी छापूनही सांगितलं.

तुला वाटलं असेल, आता ही लेखावर येणार. आले. अकरा पानांच्या लेखात एक वाक्य होतं: 'यावोर्ये गावचा अर्धशिक्षित मधपाळ अंद्राझ मोहार आजही मध जाणणारा हाच अर्थ ठामपणे सांगतो, अडाणी कल्पनेचा हा एक मासला.' तो माझा बाप आहे हे मी कुठे लिहिलं नव्हतं. माहिती देणाऱ्याचं नाव द्यायची पद्धतच होती. परीक्षक तिघं होते, तिघंही शहरातले, आणि मला दाखवायचं होतं की मी खेड्यातून आले तरी खेडवळ नाही. ही सबब नाही, कारण आहे. नाही, सबबच आहे. खोडत नाही, राहू दे.

ओराझेम मास्तरांनी तो लेख खानावळीत वाचून दाखवला आणि गाव बाबांना हसलं. त्यानंतर बाबा खानावळीत गेले नाहीत. हे मला तुझ्याकडूनच कळलं, कबरीवरची माती ओली असताना. आणि तेव्हाच तू म्हणालास, निघ.

शब्द पाठव. नाहीतर निदान 'पाठवणार नाही' असं लिहून पाठव.

नेझा

ल्युब्ल्याना, ३० एप्रिल

गाश्पर,

काल मी आपल्या घरी आले होते. तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू मागच्या दारानं गेलास आणि पुढचं तू ऐकलं नाहीस.

तुझी आंचका घेवड्यासाठी वाफे करत होती. मला बघून तिनं हात झटकले आणि म्हणाली, "गाश्पर आत्ता होता." मग स्वयंपाकघराकडे बघून, "बूट नाहीत. म्हणजे जंगलाकडच्या पेट्यांवर गेला."

"मी येणार हे त्याला कळलं होतं?"

"बसमधून उतरलेलं खिडकीतून दिसतं. बसा. कॉफी घेता?"

तिनं कॉफी दिली, पाव दिला, आणि मधाची बरणी टेबलावर ठेवली. मी मध घेतला नाही. का कोण जाणे. तिनं ते बघितलं.

मग म्हणाली, "चार पेट्या फोडल्या त्यानं. गुड फ्रायडेला."

"कुणी?"

"त्यानं. मोठ्यानं." ती हसली. "तुम्ही शहरात बिनधास्त नाव घेत असाल. शिकारी मंडळाचे दोघं येऊन गेले. म्हणाले सही द्या, गोळी घालतो. गाश्पर सही देत नाही. म्हणतो, तो मध खातो, त्यात नवीन काय घडलं?"

मी विचारलं, तो माझ्याबद्दल काही बोलतो का. आंचका सरळ बाई आहे. म्हणाली, "नाही. तुमची दोन पत्रं आली, ती वाचली आणि कपाटावर ठेवली. फाडली नाहीत. ताई, खरं सांगू? तुम्ही बारा वर्षं आला नाहीत, हे मला कळतच नाही."

"त्यानं निघ म्हटलं होतं."

"म्हणेल तो. मी असते तर आठवड्यानं येऊन दारात बसले असते. माणूस किती दिवस हाकलेल?"

संध्याकाळच्या बसला अवकाश होता म्हणून ओराझेम मास्तरांकडे गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, भट्टीजवळच्या बाकावर पाय लांब करून बसतात, कान अजून शाबूत. मी दारातच विचारलं, की तुम्ही तो लेख खानावळीत का वाचलात.

"का म्हणजे? आपल्या गावची मुलगी छापून आली होती. दोनदा वाचला."

"लोक हसले."

"हसले की. सगळ्यात जास्त अंद्राझ हसला. म्हणाला, ऐकलंत ना, अर्धशिक्षित म्हणते, म्हणजे अर्धा तरी शिकलोय, तुमच्यातल्या पावशिक्षितांपेक्षा बरा. आणि सगळ्यांना एकेक पेला पाजला."

"मग त्यांनी खानावळीत येणं का सोडलं?"

मास्तरांनी पाय जवळ ओढून घेतले. "ते मलाही कळलं नाही. महिनाभर येत होता. मग एकदम बंद. मी घरी जाऊन विचारलं तर म्हणाला, मास्तर, मला तिथं एक प्रश्न विचारतात आणि मला उत्तर द्यायचं नाही. कसला प्रश्न, ते सांगितलं नाही. भावाला विचार, तो घरात होता तेव्हा."

म्हणून विचारते. कसला प्रश्न?

बारा वर्षं मी डोळ्यांपुढे एक चित्र घेऊन चालले: भरलेली खानावळ, हसणारी माणसं, मान खाली घातलेले बाबा. काल कळलं की तसं झालंच नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, बरं नाही का.

नेझा

ल्युब्ल्याना, ७ मे

गाश्पर,

आता ते लिहिते जे तुला माहीत आहे, आणि जे मी तेव्हा नाकारलं होतं.

कबरीपाशी तू विचारलंस, "बाबांचं पत्र मिळालं होतं का तुला?" मी म्हटलं, "कुठलं पत्र?" तू माझ्याकडे नुसता बघत राहिलास. मग निघ म्हणालास.

पत्र मिळालं होतं. अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीत. अक्षर तुझं होतं, शब्द बाबांचे. सहा-सात ओळी. शेवटचं वाक्य असं होतं: 'तुझ्यासाठी एक मेद्वेन गाडगं बाजूला ठेवलंय, पण त्या कागदातलं माझं नाव काढून टाक.'

मी वाचलं आणि मला फक्त एक शब्द दिसला. मेद्वेन. मधाचं गाडगं. सगळे जण 'मेदेन' म्हणतात. 'व' असलेलं रूप हजार वर्षांपूर्वीच्या पोथ्यांत सापडतं. जिवंत माणसाच्या तोंडचं म्हणून मला तेवढं एकदाच मिळालं. आणि तोच तो 'व', मधुच्या 'उ'चा. ज्या माणसाला मी अडाणी म्हटलं, त्याच्याच बोलण्यात माझा पुरावा होता. मला इतका आनंद झाला, गाश्पर, की मी कात्री घेतली. 'तुझ्यासाठी एक मेद्वेन गाडगं बाजूला ठेवलंय' एवढं कापलं आणि कार्डावर चिकटवलं. खाली लिहिलं: तोंडी, यावोर्ये, एक मधपाळ, १९५८. स्वल्पविरामानंतरचं उरलं ते भट्टीत टाकलं.

उत्तर लिहायचं होतं. आधी वाटलं, लेख छापून गेला, नाव आता काढणार कुठून, मग काय लिहू. नंतर वाटलं, फार दिवस झाले. त्यानंतर ते पत्र आलंच नव्हतं असं मी स्वतःला सांगायला लागले, आणि मी चिकाटीची बाई आहे, तुला माहीत आहे.

ते कार्ड 'मेद'च्या खणात आहे. नोंद लिहायला खण उघडते, तर सगळ्यात वर तुझं अक्षर. मला ते नोंदीत घ्यायलाच हवं, त्याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. आणि मला ते घेता येत नाही. रोज उघडते, रोज बंद करते. डॉक्टर कोबाल दोनदा विचारून गेले.

नेझा

यावोर्ये, ३ जून

नेझा,

आंचका म्हणाली लिही, नाहीतर जेवायला वाढणार नाही. म्हणून लिहितोय.

आधी कामाचं. मेदू म्हणतो. मेदा शाळेतली पोरं म्हणतात. झाकण खरवडल्यावर गळतो त्याला नुसतं 'थेंब' म्हणतो. दाणे धरले की 'झोपला'. फरच्या मधाला 'काळा'. यातून कोशाचं काय होणार ते तू बघ.

कार्डाचं वाचलं. कात्री बाबांच्या शब्दांवर चाललीच, पण माझ्या अक्षरावरही चालली. असू दे, अक्षर घाण होतं.

मास्तर म्हणाले ते खरं. बाबा लेखावर चिडले नव्हते. आता प्रश्न कसला ते सांगतो. मला हे त्यांनी पत्र लिहायला बसवलं त्या दिवशी सांगितलं.

तू पाच वर्षांची होतीस. मी जन्मलो नव्हतो. त्या वसंतात त्यानं घरामागच्या पेट्या फोडल्या होत्या आणि तू ती फळकुटं बघितली होतीस. वरच्या घरातली पोलोना म्हातारी तुला म्हणाली, तो मध खाणारा, नावातच आहे. आधी मध खातो, मग ज्या पोरांच्या तोंडाला मधाचा वास येतो त्यांना खातो. तू मध सोडलास. मग दूध सोडलंस. मग उंबऱ्याबाहेर जाणं सोडलंस. आई रडकुंडीला आली. तेव्हा बाबांनी तुला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, पोलोनाला शब्द तोडता येत नाही. आधी मेद, मग वेद. तो मध जाणणारा. जाणणाऱ्याला मध कुठला आणि मुलगी कुठली हे बरोबर कळतं. तू दोन दिवस विचार केलास म्हणे. तिसऱ्या दिवशी पावाला मध लावून मागितलास.

पुढे तू तेच गावभर सांगत फिरायचीस. चर्चच्या पायऱ्यांवर, शाळेत. कुणी म्हणालं की खाणारा, तर धावत बाबांकडे यायचीस. म्हणून तेही सगळ्यांसमोर तेच म्हणायला लागले. मुलीला एक आणि गावाला दुसरं, असं चालणार नव्हतं. तू मोठी झालीस, शिकायला गेलीस, त्यांची सवय तशीच राहिली. खरं त्यांना माहीत होतं. तो खातो हे कळायला कोश लागत नाही.

मास्तरांनी लेख वाचला तेव्हा बाबांना कळलं की तू विसरलीस. हसले, पेले पाजले, घरी आले. मग खानावळीत लोक विचारायला लागले: अंद्राझ, मग तू इतकी वर्षं जाणणारा, जाणणारा कशावरून म्हणायचास? खरं सांगितलं असतं तर लोक तुझ्यावर हसले असते. शहरातली विदुषी, अस्वलाला भिऊन दूध सोडलेली. म्हणून त्यांनी जाणंच सोडलं.

पत्र लिहिताना मी विचारलं, नाव काढ कशाला, लाज वाटते? ते म्हणाले, "मला कसली लाज. तिला एक दिवस आठवेल. त्या दिवशी तिनं ते पान उघडलं आणि त्यावर माझं नाव असलं, तर तिला बरं वाटणार नाही. नाव नसलं तर कुणीतरी म्हातारा असेल."

उत्तराची वाट बघत सहा आठवडे ते पोस्टमनला रस्त्यातच गाठायचे. आधी मला पाठवायचे, मग स्वतः जायला लागले, कारण मी हात हलवत परत येताना त्यांना बघवायचं नाही. माझा राग त्या सहा आठवड्यांचा आहे. लेखाचा कधीच नव्हता. अजून आहे थोडा.

त्याला गोळी घातली नाही. तारेचं कुंपण केलं आणि वीज सोडली. परवा येऊन गेला, माती उकरलेली दिसली, नाकाला चटका बसला असावा. माग सरळ जंगलात गेलाय.

गाश्पर

ल्युब्ल्याना, २६ जून

गाश्पर,

मला आठवत नाही.

हे आधी सांगायला हवं. तुझं पत्र आल्यापासून मी प्रयत्न करतेय. फळकुटं, पोलोना, बाबांची मांडी. पोलोनाचा चेहरा आठवतो, तिच्या हातावरचा मस आठवतो, पण ती काय म्हणाली ते नाही. एका सकाळी पावाला मध लावून ओट्यापाशी उभी राहिले, म्हटलं चवीनं तरी येईल. नाही आलं. मी हजारो शब्दांचं मूळ शोधलं आणि हे एक सापडत नाही. आठवलं असं तुला खोटं लिहिणं सोपं होतं. एक खोटं पुरे झालं.

ग्रंथालयात जाऊन तो जुना अंकही काढला. एकशे बारावं पान. बाबा म्हणाले होते तसंच झालं, बरं वाटलं नाही. ग्रंथपाल कपाट बंद करायला आला तरी मी तिथंच होते.

त्या सहा आठवड्यांचं मी काही लिहू शकत नाही. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. तू राग ठेव. थोडा आहे म्हणालास. मला वाटलं होतं त्याहून तो कमी आहे, आणि माझ्या लायकीहून तर खूपच कमी.

नोंद काल दिली. 'मेद' वीस ओळींत बसला. मधु आहे, मेदुस आहे, तुझा झोपलेला मध आहे. मेद्वेन गाडग्याचं वाक्यही घेतलं. त्या कार्डावर 'एक मधपाळ' हे तसंच ठेवलंय, बाबांना नाव नको होतं म्हणून. पण ते त्या लेखापुरतं होतं की कायमचं, हे मला ठरवता येत नाही, आणि इतकी वर्षं मी एकटीच ठरवत आले. तू सांगशील तसं करते. छपाईला अजून अवकाश आहे.

शनिवारी सकाळच्या बसनं येतेय. आंचकाला सांग, कॉफी नको. गेल्या वेळी टेबलावर होती ती बरणी असली तर पुरे. तू पेट्यांवर असलास तर मी तिकडे येईन, कुंपणाची वीज तेवढी बंद ठेव.

काल डॉक्टर कोबाल यांनी नोंद माझ्यासमोरच वाचली. मेदवेदच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. तिथं मी लिहिलंय: 'मूळ अर्थ मध खाणारा. मध जाणणारा हाही अर्थ सांगितला जातो. लहान मुलाची भीती घालवण्यासाठी.'

"हे दुसरं," ते म्हणाले, "आपण नेहमी 'लोकांचा गैरसमज' असं लिहितो."

"गैरसमज नव्हता. सांगणाऱ्याला खरं माहीत होतं."

"कार्ड आहे याचं?"

मी कार्ड दिलं. त्यांनी चष्मा वर केला. "माहिती देणारी व्यक्ती म्हणून तुम्ही स्वतःचं नाव घातलंय. तुम्हाला हे आठवतं?"

"नाही."

"मग तुम्ही कशा?"

"सांगितलं मला होतं."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं, खोडतील. मग कार्ड माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बोलीच्या कार्डावर वय लागतं, नेझा. राहिलंय ते."

मी पेन घेतलं आणि नावापुढे लिहिलं: वय पाच.

नेझा